थांबा, कुणीतरी येतंय

आमच्या गावात एसटी वेळेवर यायची, पण वेळेवर सुटायची नाही. दोष ड्रायव्हरचा नव्हता, इंजिनाचा नव्हता, रस्त्याचाही नव्हता. दोष आमचे शेजारी गेनूनाना यांचा होता. गाडी स्टॉपवर लागली की नाना तिच्या तोंडासमोर जाऊन उभे राहायचे. पाठ गाडीकडे, तोंड गावाकडे आणि दोन्ही हात पसरलेले. लांबून कुणी येताना दिसलं की आरोळी ठोकायचे, "थांबा राव, कुनीतरी येतंय!" ते माणूस चढून नीट बसलं की नाना बाजूला व्हायचे, गाडीच्या पत्र्यावर हाताने दोन थापा मारायचे, आणि मगच गाडी हलायची.

आळेफाट्यावरून आण्याकडे जाताना मध्ये आमचं गाव लागतं. नाना एसटीतच कंट्रोलर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी अंगात खाकी शर्ट आणि गळ्यात शिट्टी होतीच. नव्या कंडक्टरला वाटायचं, इथे कंट्रोलरची नेमणूक आहे. एकाने तर त्यांच्यापुढे सहीला कागद धरला. नानांनी चष्मा लावून तो सबंध वाचला आणि खुशाल सही ठोकून दिली.

एकदा एक बाई लगबगीने येताना दिसली. नानांनी तिच्यासाठी गाडी सात मिनिटं धरली. बाई आली, तिने स्टॉपशेजारच्या नळाला घागर लावली आणि म्हणाली, "मला कुटं जायाचंय? पानी जाईल म्हनून पळतीया." गाडीतली माणसं खवळली. नाना थंड. "आन् जायाचं असतं तर? ऱ्हायली असती न्हवं?"

बरं, हे गाडीपुरतं असतं तर ठीक. लग्नात अंतरपाट धरलेला, अक्षता मुठीत, भटजी पुढच्या लग्नाच्या घाईत, आणि नाना मध्येच ओरडले, "थांबा, नवरीचं मामा येत्यात!" मामा बिचारे नवरीच्या पाठीशीच उभे होते. एकदा मात्र मयताला, तिरडी उचलता उचलता त्यांनी हात वर केला. "थांबा, थोरली लेक येतीया." तेव्हा कुणी हसलं नाही. लेक खरंच वेशीपासून पळत येत होती.

बाकी वेळी सगळे हसायचे, आणि सगळ्यांत जास्त मी. शाळेत असल्यापासून मी नानांची नक्कल करायची. हात पसरून आळीच्या मधोमध उभी राहायची, आणि नाना स्वतःच्या ओट्यावर बसून पोट धरून हसायचे. "शैले, हात अजून ताठ पायजेत," असं वर शिकवायचे. माझी जीभ लहानपणापासून तिखट. आई म्हणायची, सासरी गेल्यावर कळेल. सासरी काही कळलं नाही. माहेरीच कळलं, ते सांगते.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी आले होते. डॉक्टरांनी दिलेली तारीख आली आणि गेली. मग जो तो विचारायला लागला, "अजून न्हाई?" जसं काही मीच दाबून धरलं होतं! एकीने एरंडेल प्यायला सांगितलं, एकीने जिना चढ-उतर करायला सांगितलं. आमच्या घराला जिना नव्हता, म्हणून तिने स्वतःच्या घराचा देऊ केला.

तारीख उलटून सहा दिवस झाल्यावर नारायणगावच्या डॉक्टरबाईंनी तपासलं. बाळ चांगलं होतं. त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी परत ये. तुला चालणार असेल तर आतून तपासताना बोट फिरवून बाळाची पिशवी गर्भाशयाच्या तोंडापासून जरा सुटी करते. औषध नाही, इंजेक्शन नाही. दुखेल, थोडं रक्त दिसेल. एक-दोन दिवसांत कळा सुरू होतील, किंवा होणारही नाहीत. नको असेल तर नको म्हण. मग चार-पाच दिवस बघू आणि ॲडमिट करून सलाईनमधून कळा आणू. घरी बोलून ठरव. आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर वाट बघायची नाही, तडक यायचं."

घरी बोलून ठरव! कपाळ माझं. आई म्हणाली, "बाई गं, हात कशाला घालायचा आत? यायचं तेव्हा येईल." सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आमच्यात असलं काही करत न्हाईत." नवरा चाकणला कंपनीत. तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." म्हणजे ठरवायचं शेवटी मीच. आणि मला तर भीती वाटत होती. दुखायची वाटत होती, पण त्याहून जास्त वाटत होतं, की आपलं लेकरू झोपलंय आणि आपण त्याला गदागदा हलवून उठवायचं का?

नाना मधल्या भिंतीवर कोपरं टेकून सगळं ऐकत होते.

"म्हंजी धक्का स्टार्ट," ते म्हणाले.

"काय?"

"अगं, बॅटरी उतरली की चार मानसं गाडी मागनं ढकलत्यात न्हाई का? कदी घेती, कदी न्हाई घेत."

खरं सांगायचं तर डॉक्टरबाईंनी दहा मिनिटं समजावलेलं मला त्या एका वाक्यात समजलं. पण आई फिस्सकन हसली, आणि संध्याकाळपर्यंत अख्खी आळी विचारायला लागली, "काय शैला, धक्का स्टार्ट कधी?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर मी नानांवर लोकांना हसवलं, आणि त्या दिवशी लोक माझ्यावर हसत होते.

नाना एवढंच बोलून थांबले नव्हते. पुढे म्हणाले होते, "धक्का मारायचा का न्हाई, ते तिथं गेल्यावर ठरव. पन शैले, उद्याची गाडी चुकवू नको." ते वाक्य मी रागात मनावर घेतलंच नाही.

सकाळी उठून मी ठरवून टाकलं, जायचं नाही. दोन दिवसांनी बघू. आईला बरंच वाटलं. नारायणगावची गाडी सव्वाआठची. साडेआठ वाजले तरी हॉर्न ऐकू येतच होता. मग शेजारची बाई सांगत आली, "अगं शैला, नानांनी गाडी धरलीया तुझ्यासाठी. लोकं शिव्या घालाय लागलीत."

मी गाऊनवर टॉवेल घेतला आणि पोट सांभाळत तशीच निघाले. नाना गाडीसमोर हात पसरून उभे. कुणाची परीक्षा, कुणाचं कोर्ट, खिडक्यांतून माणसं ओरडत होती. मला बघून नानांचा चेहरा उजळला. "आली! म्हनलं न्हवतं? आली बगा."

"नाना, गाडी सोडा," मी म्हणाले. "मी जाणार नाही. माझं पोर कधी यायचं, ते तुम्ही ठरवणार का? आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या अडवायच्या! तुम्हाला एखादं लेकरू असतं ना, मग कळलं असतं."

नानांचे हात पसरलेलेच होते. आधी एक खाली आला, मग दुसरा. ते बाजूला झाले. ड्रायव्हर सवयीने त्या दोन थापांची वाट बघत थांबला. थापा पडल्या नाहीत. मग त्याने गिअर टाकला.

दुपारी नानी आल्या, नानांची बायको. गरीब बाई, फार बोलायच्या नाहीत. मला वाटलं, भांडायला आल्यात. तर त्या माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "त्येंचं मनावर नको घेऊस. त्येंना ऱ्हावत न्हाई." म्हणजे माफी त्याच मागत होत्या.

मग त्यांनी सांगितलं. "तवा आमी डिंभ्याकडं व्हतो. ह्यांची ड्यूटी थितल्या लहान स्टँडवर. माजंबी पयलं, आन् दिस असंच उलटलेलं. नर्सबाई म्हनली, सकाळच्या गाडीनं जाऊन मोठ्या डाक्टरला दाखवून या. म्या निगाले, पन पोट घिऊन चालवतंय कुटं? पुलावर पोचले तवा गाडी दिसत व्हती, हेबी दिसत व्हते. म्या हात केला. ड्रायव्हर म्हनला, 'वयनी येत्यात, थांबू का?' हे म्हनले, 'माज्या बायकोसाटी गाडी थांबवली म्हनून लोक बोलत्याल. उद्या जाईल ती.' आन् शिट्टी मारली."

"मग?"

"मग सांजच्यापासनं पोटात हालंना." नानी पदराची कड बोटाला गुंडाळत होत्या. "पोरगी व्हती. डोक्याला केस लई व्हते. त्या गाडीनं गेले असते तर जगली असती का, डाक्टरलाबी सांगता आलं न्हाई. म्या ह्यांना कदी बोलले न्हाई. बोलले असते तर त्येंना बरं वाटलं असतं का, काय म्हाईत."

मला त्या वेळी धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. उठून जावं, भिंतीपलीकडे हाक मारावी, पाय धरावेत, असं वाटत होतं. पण लाज वाटली. म्हटलं, उद्या स्टॉपवर भेटतीलच.

दुसऱ्या दिवशी मी आणि आई आठलाच स्टॉपवर जाऊन उभ्या राहिलो. नाना आले नाहीत. गाडी सव्वाआठच्या ठोक्याला सुटली. कंडक्टरसुद्धा चमकून इकडेतिकडे बघत होता.

डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं, "काय ठरलं?" मी म्हणाले, करा. जीव कळवळला, पण दोन-चार मिनिटांचंच काम. दोन दिवसांनी कळा आल्या. त्यामुळे आल्या की तशाही यायच्याच होत्या, ते डॉक्टरबाईंनाही सांगता आलं नाही. मुलगी झाली. डोकंभर काळे केस.

बारशाला नाना दारातच उभे राहिले. मी उठून पोरगी त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिच्या केसांवरून एक बोट फिरवलं.

"दहा दिवस लेट झाली, नाना," मी म्हणाले. हसवायचाच प्रयत्न होता.

"आली न्हवं," ते म्हणाले. आणि बायकांची झुंबड उडाली, पाळणा सुरू झाला, माझं बोलायचं राहिलं.

नाना पुन्हा गाडीसमोर उभे राहिले नाहीत. खाकी शर्ट खुंटीला लागला. लोक म्हणाले, सुटलो बुवा. माझ्या एका वाक्यामुळे आमच्या गावची गाडी वेळेवर सुटायला लागली.

चौथ्या महिन्यात मी सासरी निघाले. आई आजारी, म्हणून एकटीच. ऐन वेळी पोरीने कपडे खराब केले आणि उशीर झाला. काखेत पोर, हातात पिशव्या, मी पळतेय आणि गाडी समोर उभी. सवयीने मी गाडीच्या तोंडाकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं. नाना आपल्या ओट्यावर बसले होते; तिथून स्टॉप सरळ दिसायचा. त्यांचा हात गुडघ्यावरून वर आलेला मी पाहिला. अर्ध्यात थांबला, आणि तसाच खाली गेला. डबल बेल झाली. गाडी गेली.

मी जाऊन त्यांच्याजवळ ओट्यावर बसले. पुढची गाडी दोन तासांनी होती. दोन तास! एवढ्या वेळात माणूस काय काय बोलू शकतं. आम्ही कांद्याचं बोललो, धरणातल्या पाण्याचं बोललो, पोरीला दात कधी येतील त्याचं बोललो. ती त्यांच्या मांडीवर शिट्टी चोखत होती. दहादा ओठांवर आलं, दहादा गिळलं.

गाडी आली. नानांनी पिशव्या चढवल्या, पोरीला खिडकीतून माझ्याकडे दिलं. मग त्यांनी एकदा मागे वळून गावच्या रस्त्याकडे बघितलं. कुणीच येत नव्हतं.

"बसलीस का नीट?" त्यांनी विचारलं.

"बसले, नाना."

त्यांनी पत्र्यावर दोन थापा मारल्या. पुढच्या दिवाळीला मी माहेरी आले, तेव्हा ओटा रिकामा होता.