मिठातला स्क्रू

समुद्रकाठच्या आमच्या तोंडवलीत कुणी नवा एसी घेतला, की त्यातला एक स्क्रू आबांकडे जातो. आबा तो मिठाच्या पाण्यात घालतात. कैरी घालतात तसा, काचेच्या बरणीत, वर घट्ट झाकण, झाकणावर चिठ्ठी. पंधरा दिवसांनी बरणी उन्हात धरतात आणि निकाल देतात. तोवर घरमालकाने एसीचं कौतुक करायचं नाही, असा वाडीत रिवाजच पडलाय.

आबा म्हणजे माझ्या कुंपणापलीकडचे शेजारी. उभी हयात वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात प्रतवारी केली. गर बोटांत नुसता फिरवला की अख्खा, पाकळी की तुकडा ते सांगायचे. कारखाना सुटला, प्रतवारी सुटली नाही. सरपंच पाकळी. माझे यजमान तुकडा, हे तर त्यांनी माझ्या लग्नाच्या पंगतीतच जाहीर केलं होतं. तेव्हा मला राग आला होता. आता एवढंच म्हणते, माणसाला नजर आहे.

एसीचं वेड मात्र अलीकडचं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पुण्याहून त्यांचा मुलगा महेश, सून आणि नात आली. नातीच्या अंगावर घामोळं उठलं आणि आठ दिवसांसाठी आलेली माणसं तिसऱ्या दिवशी परत निघाली. जाताना महेश म्हणाला, "बाबा, तुम्ही एसी घ्या. मग निवांत राहायला येऊ." गाडी वळली आणि आबा घरात जाऊन चुंबक शोधायला लागले.

आपल्याकडे हल्ली गोव्याहून कंटेनरमधला परदेशी माल येतो. स्वस्त असतो, पण नाव वाचता येईल तर शपथ. आबा ते एसी खोक्यावरच्या जनावरावरून ओळखतात. दुकानात शिरले की आधी चुंबक लावणार, मग नळी नखाने खरवडून तांबं आहे की तांब्याचा रंग ते बघणार, मग बाहेरचा डबा नारळासारखा कानाशी वाजवणार. दुकानदार बिचारा म्हणतो, आबा, पाच वर्षांची गॅरंटी आहे. त्यावर यांचं ठरलेलं उत्तर, "गॅरंटी खंय बसान दिली तेंनी? हंय दर्यार येवन बसांदेत, मगे सांगांदेत. तू गप ऱ्हव. मिठाक इचारूया."

मी पर्यटकांना दोन खोल्या देते. गेल्या वर्षी एका खोलीला पेंग्विनवाला एसी घेतला. आबा आले, स्क्रू काढून घेऊन गेले. दुसऱ्याच आठवड्यात कोल्हापूरचे पाहुणे उतरले आणि एसी दुपारभर खडखडायला लागला. मेकॅनिक बघून म्हणाला, "वहिनी, एक स्क्रू कमी आसा." मी तशीच पदर खोचून कुंपण ओलांडलं.

"आबा, माझो स्क्रू द्या."

"मेळाचो नाय. आज बारावोच दिस."

"पावणे चलले माझे."

"जावंदेत. स्क्रू टिकलो तर पावणे परत येतले."

काय बोलायचं अशा माणसाला? तीन दिवस मी तो एसी सुंभाने आवळून चालवला. पंधराव्या दिवशी बरणीतलं पाणी कोकमाच्या सारासारखं लालभडक. "पेंग्विन पाकळी," आबा म्हणाले. श्रावण सरायच्या आत बाहेरच्या डब्याचा तळ गंजून खाली आला. आबांसाठी ओठांवर आलेल्या शिव्या मी गिळल्या.

पण दोन वर्षं गावाचे एसी तपासणाऱ्या या माणसाच्या घरात एसी काही येईना. गेला मेही तसाच गेला. महेशचा फोन आला की आबा सांगायचे, "अजून एकय अख्खो गावलो नाय रे. गावलो की कळवतंय." पलीकडून "बरं बाबा" यायचं. फोन ठेवताना आबा बरेच खूश दिसायचे, याचं मला नवल वाटे.

गेल्या आठवड्यात त्यांना ताप आला. त्यांची बायको, आमच्या काकी, जाऊन बरीच वर्षं झाली, घरात दुसरं कोण? मी पेज करून नेली. म्हणाले, "फळयेवरली आंब्याची बरणी काढ गो." फळीवर सगळ्या बरण्या सारख्या. मी हात घालून मागची काढली, तर आत आंबा नव्हता. स्वच्छ पाणी आणि त्यात नव्या नथीसारखा लखलखणारा स्क्रू. चिठ्ठीवर 'अस्वल' आणि गेल्या वर्षीच्या पाडव्याची तारीख.

"आबा, हो तर अख्खो आसा. वरस झाला. तुमी घेतलास कित्याक नाय?"

आबा पेज ढवळत राहिले. मग खाली बघूनच म्हणाले, "एसी घेतलो, आनी तरी पुण्याची माणसां इली नाय तर? आता कसा, बरो एसी गावत नाय म्हणान ती येनत नाय. मगे माझा माका मी काय सांगू?"

फार वाईट वाटलं. दोन वर्षं मी या माणसाला विक्षिप्त म्हणून हसत होते. मी म्हटलं, "घेवया आबा. ती नाय इली तर आमी येवन बसतलो. माझो तुकडो पन घेवन येतंय."

"तुकडो नको," आबा म्हणाले, "घोरता तो."

मंगळवारी अस्वलवाला एसी बसला. आबांनी आपणहून पुण्याला फोन केला. महेश म्हणाला, "बघतो बाबा." एवढंच.

मेकॅनिक आता आबांना ओळखून आहे. त्याने न मागता एक स्क्रू काढून पुढे धरला. आबांनी तो घेतला नाही. "लाव तो जाग्यार," म्हणाले. चुंबक लावलं नाही, डबा वाजवला नाही. एसीसमोर हात धरून बराच वेळ उभे राहिले आणि मग हळूच विचारलं, "थंड जरा कमी करूक येता मा? नातीक सोसाक व्हया."