कोरड्या हौदातली तालीम

पाळकसाहेबांनी मला आजवर निदान शंभर वेळा तरी बुडवलं असेल, पण माझ्या अंगाला पाण्याचा एक थेंब लागलेला नाही. मी डिलाईल रोडचा परब. घरात दीड दिवसाचा गणपती, सोमवार सोडला तर ताटात बांगडा. तरीही दर शनिवारी दुपारी चारला मी लोअर परळच्या एका बाप्टिस्ट चर्चच्या कोरड्या हौदात उभा असे. हात छातीवर, नाकावर रुमाल. आणि मागून आवाज येई, "अंग सैल सोड, परब. बस पकडायची नाहीये."

हा आवाज रेव्हरंड शमुवेल शेलार यांचा. चाळीसेक वर्षं ते या चर्चचे पाळक आणि त्यातली बरीच वर्षं शेजारच्या शाळेचे मुख्याध्यापकही. गणित आणि विज्ञान तेच शिकवायचे. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवायचो, म्हणजे तासाला वर्गात हजर असायचो. फळ्यावरचा माझा मोर बघून साहेब म्हणाले होते, "कोंबडी बरी आहे. पुन्हा एकदा, नीट."

"पुन्हा एकदा, नीट" हे त्यांचं पालुपद. मंडळी गीत बेसूर गायली की पेटी थांबवून तेच. लग्नात नवरदेव "होय" असं पुटपुटला तरी तेच, वर "तिच्या आईला ऐकू जाऊ दे." रविवारच्या उपदेशाला गृहपाठ असायचा आणि पुढच्या रविवारी तो मागच्या बाकावरच्यांना उभं करून विचारला जायचा. त्यामुळे या चर्चमध्ये पुढचे बाक आधी भरतात.

आता हौदाचं सांगतो. या लोकांत तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडून भागत नाही. माणूस मोठा झाला, स्वतःहून तयार झाला, की पाळक त्याला हौदात उभं करतात, पाठीला हात देऊन अख्खा पाण्याखाली नेतात आणि वर काढतात. हाच बाप्तिस्मा. पाय सटकला, नाकात पाणी गेलं तर शोभा होते. म्हणून साहेब आधी तालीम घेत आणि तालमीला मी. तुम्हाला वाटेल, माझ्या अंगी काही भक्तिभाव दिसला असेल. छे! साहेबांनी स्पष्ट सांगितलं, "अख्ख्या स्टाफमध्ये सगळ्यांत जड तू. तू उचलला गेलास की कोणीही उचलला जाईल."

तालमीत देवाचं नाव उगाच घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. म्हणून त्या जागी पाढा. "सत्तावीस एके सत्तावीस," मी आडवा. "सत्तावीस दुणे चोपन्न," मी खाली. "सत्तावीस त्रिक एक्क्याऐंशी," मी वर. मग साहेबांच्या क्वार्टरवर चहा, खारी आणि तासभर माझ्या चुका. पूर्वी हे वर्षातून चार-पाचदा व्हायचं. मार्थाबाई, म्हणजे साहेबांच्या मिसेस, वारल्या आणि ते दर शनिवारी होऊ लागलं. मला वाटलं, वयामुळे साहेबांना सराव जास्त लागतो. मीही तोवर रिटायर झालो होतो, मला कुठे शाळा गाठायची होती? पावणेचारला मी चपला शोधू लागलो की बायको शेजारणीला मालवणीत ओरडून सांगायची, "गेलो गो हो परत बुडूक!"

या वर्षी साहेब निवृत्त व्हायचे होते. त्यांचा उजवा खांदा पार कामातून गेलेला. नवीन पाळक तरुण, दंड भरलेले. नेमक्या अशा वेळी यमुनाबाई तयार झाल्या.

यमुनाबाई आमच्या शाळेच्या जुन्या शिपाईबाई. जन्मापासून याच मंडळीतल्या, पण बाप्तिस्मा घेतलेला नाही. लहानपणी विहिरीत पडलेल्या, तेव्हापासून पाण्याची धास्ती. साहेब तीस वर्षं त्यांना विचारत होते आणि त्या तीस वर्षं "पुढच्या वर्षी" म्हणत होत्या. आता म्हणाल्या, "साहेब जायच्या आधी घेते. पण नेतील तर साहेब. दुसऱ्याच्या हातात मी मान देणार नाही."

कमिटीचे सेक्रेटरी भोसले घाबरले. बाई पंच्याहत्तरीच्या, साहेब अठ्ठ्याहत्तरचे. "साहेब, तुम्ही खुर्चीवर बसा, प्रार्थना करा. हौदात नवीन पाळक उतरतील."

साहेबांचा चेहरा उतरला. "तीस वर्षं वाट पाहिली मी त्या बाईची. आणि त्या दिवशी खुर्चीत बसू?"

शेवटी ठरलं, शनिवारी परबांना उचलून दाखवा, मगच रविवारी यमुनाबाई. एका माणसाच्या आयुष्यभराच्या सेवेचा निकाल माझ्या पोटावर येऊन ठेपला. मी आठवडाभर भात सोडला. त्याने काय होतंय?

शनिवारी भोसले काठावर हाताची घडी घालून उभे. "सत्तावीस एके," मी आडवा. "दुणे," मी खाली. "त्रिक..." आणि मी तिथेच. साहेबांच्या कपाळावरची शीर तटतटली होती. मी काय केलं असेल? भोसल्यांना दिसणार नाही असा डावा कोपर पायरीवर टेकवला आणि स्वतःच उठलो. भोसले म्हणाले, "वा, साहेब!" साहेबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

रात्रभर माझा डोळ्याला डोळा नाही. उद्या बाईंच्या नाकातोंडात पाणी गेलं, तर पाप कोणाचं? माझंच.

रविवारी हौद काठोकाठ भरलेला. यमुनाबाई पांढऱ्या साडीत, ओठ घट्ट मिटलेले. साहेबांनी त्यांच्या पाठीला हात दिला. साहेबांनी डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सत्तावीस एके सत्तावीस!"

भोसल्यांनी कपाळाला हात लावला. साहेब स्वतःच गोंधळून उभे. तेवढ्यात यमुनाबाईंनी अर्ध्या आडव्या अवस्थेत एक डोळा उघडला. "दुणे चोपन्न, साहेब. इतकी वर्षं वर्गाबाहेर बसून पाठ झालंय. आता देवाचं नाव घ्या, मला थंडी वाजते."

मंडळी हसली. साहेब हसले. मग पित्याचं, पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं नाव घेऊन त्यांनी बाईंना खाली नेलं आणि अलगद वर आणलं. एका हाताने, दुखऱ्याच. बाई रडत होत्या, साहेब रडत होते, आणि मी तर सगळ्यांत मोठ्याने.

चर्च रिकामं झाल्यावर साहेब हौदाच्या पायरीवर ओल्या कपड्यांत बसले होते. मी म्हटलं, "साहेब, काल मला उचलता आलं नाही, आज बाईंना फुलासारखं कसं उचललंत?"

"पाण्यात माणूस हलका होतो, परब. आठवीचं विज्ञान आहे."

माझी ट्यूब पेटायला वेळ लागतो. "मग मला कोरड्यात उचलायची गरज काय होती?"

साहेब ओली बाही पिळू लागले. मागे यमुनाबाई केस पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "परब सर, मार्थाबाई गेल्यापासून दोन वर्षांत मीच पहिली. या हौदात तोवर पाणीच भरलं नव्हतं."

दोन वर्षं! दर शनिवारी! आणि कोणासाठी तालीम चाललीय, हे मी गाढवाने एकदाही विचारलं नाही.

"शनिवारी चारला मार्था बाजारातून यायची," साहेब पाण्याकडे बघत म्हणाले. "त्या वेळेला घर खायला उठतं रे. नुसतं ये म्हणायला मला जमलं नाही कधी. काम असलं की बोलावता येतं." मग थांबून म्हणाले, "आता काम संपलं. तुझे शनिवार मोकळे."

मी त्यांचा ओला हात धरून नुसता बसून राहिलो.

पुढच्या शनिवारी मी निघालो तर बायको म्हणाली, "आता खंय? बुडवणा संपला ना?" मी म्हटलं, "तू पण चल." तिने पदर खोचून घावणे केले, डबा भरला, तेवढ्यात उशीर झाला.

क्वार्टरचं दार उघडं होतं. साहेब उंबऱ्यात उभे होते, इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, नजर गेटाकडे. आम्हाला पाहिलं आणि घाईघाईने घड्याळाकडे बघितल्यासारखं केलं.

"सात मिनिटं उशीर," म्हणाले. आवाज मात्र काही केल्या कडक होईना.