पोळपाटाचा पूल

"पोळ्या काय आता तळहातावर लाटू?" मनकर्णाबाई परातीतल्या कणकेलाच विचारत होत्या.

पोळपाट बैठकीत होता. दोन डब्यांवर तो आडवा टाकून नानासाहेब समोरच्या रिकाम्या खुर्चीला घरासमोरच्या जालना रोडवर व्हायला हवा तो उड्डाणपूल समजावून देत होते. "गाड्या वरून पळतील. खाली आपलं निवांत."

खुर्ची व्यंकटरावांची. रस्त्यापलीकडच्या इमारतीतला हा मित्र वर्षानुवर्षं संध्याकाळचा चहा इथेच प्यायचा. गाड्या वाढल्या, दुभाजकातली वाट बुजली आणि चहाही बंद पडला. आता दोघे आपापल्या गॅलरीतून फोनवर भांडत. व्यंकटरावांना बोगदा हवा होता; गाड्या जमिनीखाली, माणसं वर.

मनकर्णाबाईंना कुतूहल निराळंच. दोस्तासाठी एवढा जीव तुटतो, तर हा माणूस उठून जात का नाही?

"आज सोक्षमोक्ष! समोरासमोर!" नानासाहेबांनी फोनवर गर्जना केली आणि कोण कोणाकडे येणार हे न ठरवताच तो ठेवला.

"चौकातून चालतच जाऊ की," खाली उतरल्यावर मनकर्णाबाई म्हणाल्या.

"पोळपाट घेऊन? लोक काय म्हणतील?"

पोळपाट रिक्षात बसला. रिक्षा लांबून वळसा घालून पलीकडे पोचली. व्यंकटरावांच्या दाराला कुलूप! खाली येऊन पाहतात तर रस्त्यापलीकडे, नानासाहेबांच्याच फाटकाशी, व्यंकटराव उभे. हातात दोन्ही बाजूंनी कापलेला बुटांचा खोका. म्हणजे बोगदा.

रिक्षावाला हसू दाबत म्हणाला, "काका, वो उधर, आप इधर. फिरसे बैठो."

नानासाहेबांचा पाय रिक्षात गेलाही. तिकडे व्यंकटरावही रिक्षाला हात करताना दिसले. मनकर्णाबाईंनी नवऱ्याच्या खिशातला फोन ओढला. "व्यंकटभावजी, रिक्षा सोडा! हलायचं नाय तिथून!"

"बरं वहिनी." पलीकडे खोका मुकाट्याने खाली आला.

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "समोर पट्टे हायेत, शिग्नल हाय. वैजापूरच्या बाजारात उधळलेल्या गोऱ्ह्याला आडवं गेलेलं माणूस तुमी. इथंच काय होतं हो तुमाला? खरंच इचारते."

नानासाहेब पोळपाटावरून हात फिरवत राहिले. एक बस गेली, मागून टँकर गेला. त्यांनी फोन घेतला.

"व्यंकटराव... पुलाचं र्‍हाऊ द्या. मला रस्ता वलांडायचं लई भ्या वाटतंय."

पलीकडे व्यंकटरावांनी खोका काखेत मारला.

"मग नानासाहेब, मला काय बोगद्याची हौस आहे?"