करकोचेसाहेबांचा उजवा गुडघा

एका जंगलात, बाळांनो, माती म्हणून उरली नव्हती. विकास झाला होता. तळं बुजवून तिथे हरणांसाठी बारा मजले उठले होते, पायवाटांवर फरशी बसली होती. खालून गटार मात्र एकच. ते सिंहमहाराजांच्या आजोबांनी बांधलं, तेव्हा पाऊस चार महिने पुरवून पुरवून पडायचा. हल्लीचा एका दुपारीच सगळा उरकून मोकळा होतो.

गटाराकाठी चंद्राक्का घूस राहायची. बिळात चार पिल्लं, अजून डोळेही न उघडलेली. पाणी कुठून चढतं हे तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. म्हणून तिला कुणी विचारत नव्हतं.

गटाराच्या टोकाला नदीकडे एक दार होतं, एरवी बंद. पाणी करकोचेसाहेबांच्या उजव्या गुडघ्याला लागलं की पूर आला असं समजायचं आणि दार उघडून पाणी नदीत सोडायचं, असा नियम. करकोचेसाहेब म्हणजे पाणी खात्याचे प्रमुख. पाय हे एवढे लांब.

चंद्राक्का कचेरीत अर्ज घेऊन गेली. साहेबांचा गुडघा भिजेपर्यंत माझं बीळ तीनदा बुडतं, असं तिचं म्हणणं. साहेबांनी तिला चहा पाजला आणि समजावलं, की माप बदललं तर जुन्या नोंदींशी ताळमेळ कसा लागायचा? अक्काला ते पटलं नाही. पण चहा बरा होता.

मग श्रावणातल्या एका दुपारी आभाळ फाटलं. फरशीवरून सगळं पाणी गटारात घुसलं. साहेब नियमाप्रमाणे येऊन उभे राहिले. अक्काने एक पिल्लू तोंडात धरून वर आणलं, मग दुसरं, मग तिसरं. तोवर पाणी साहेबांच्या गुडघ्याला लागलं.

“साहेब, लागलं बघा. आता तरी दार उघडा. एक आत राहिलंय माझं.”

साहेबांनी खाली पाहिलं. मग उजवा पाय सावकाश वर घेतला आणि पोटाशी दुमडला. करकोच्यांना तशी सवयच असते.

“अक्का, उजवा पाय तर पाण्यात नाहीच,” साहेब म्हणाले.

अक्का मागे धावली. बिळाच्या जागी नुसतं पाणी होतं.

त्या वर्षीही नोंदवहीत ‘पूर नाही’ असंच लिहिलं गेलं. सलग अकरा वर्षं जंगल पूरमुक्त ठेवल्याबद्दल महाराजांनी साहेबांना शाल दिली. चंद्राक्का तीन पिल्लं घेऊन हरणांच्या जिन्याखाली बसली होती. समारंभाला पाहुणे येणार म्हणून तिला तिथूनही उठवलं.

तात्पर्य : पाणी किती चढलं हे बुडणाऱ्याला कधी विचारू नये. त्याला ते नेहमी जास्तच वाटतं.