कामचोराची चिठ्ठी

‘चोर’ हा शब्द आपण एकट्याने मुसक्या बांधून आणलाय, असं कोशकार आठवडाभर भेटेल त्याला ऐकवत होता. शब्दकोशाच्या कचेरीत बारा वर्षं चिठ्ठ्या लिहिल्यावर आता ‘छ’ हे अख्खं अक्षर त्याच्या एकट्याच्या हाती यायचं घाटत होतं. संपादक रविवारी सकाळी घरी येऊन ‘चोर’च्या चिठ्ठ्या तपासणार होते. पसंत पडल्या, की ‘छ’ त्याचं.

कचेरीचा दंडक कडक होता. चिठ्ठीवर शब्दाच्या वापराचं वाक्य मनाने रचायचं नाही. कानांनी ऐकलेलंच लिहायचं आणि खाली कोण बोललं, कुठे, किती वाजता, तेही नोंदवायचं. त्यामुळे शेजारीण म्हणाली, मांजर चोरपावलांनी आलं, की झाली चिठ्ठी. शिंप्याने विजारीला चोरखिसा हवा का विचारलं, की झाली चिठ्ठी. सासऱ्यांनी एकदा त्यालाच अंगचोर म्हटलं, तर या पठ्ठ्याने तेही हसतहसत टिपून घेतलं. चोरावर मोर, चोराच्या उलट्या बोंबा असं करत त्रेसष्ट चिठ्ठ्या झाल्या.

घोडं अडलं ते ‘कामचोर’पाशी. एरवी ऊठसूट ऐकू येणारा शब्द, पण ऐन गरजेला कुणी उच्चारेना. निदान बायकोने म्हणावं म्हणून तो दोन दिवस गळक्या नळाकडे बघत नुसता बसून राहिला. तिने पान्हा आणला, नळ दुरुस्त केला आणि चकार शब्द काढला नाही.

चिठ्ठ्या पक्क्या करायचं काम तिचंच, कारण अक्षर मोत्यासारखं. रविवारी संपादक आले, चहा झाला, चिठ्ठ्यांचा डबा उघडला. ‘कामचोर’ तेवढा राहिला, असं कोशकाराने ओशाळून सांगितलं.

“राहिला कुठे?” बायको म्हणाली. “मी घातलाय की. म्हटलं, तुम्हाला चकित करावं.”

अशी बायको मिळायला नशीब लागतं, असं त्याला मनापासून वाटलं आणि त्याने ते पाहुण्यांसमोर बोलूनही दाखवलं. संपादकांनी चष्मा चढवून मोठ्याने वाचलं:

“‘आमचे संपादक म्हणजे कामचोरांचे मेरुमणी. अख्खं घ त्यांनी घोरून काढलं.’ वक्ता: यजमान. स्थळ: न्हाणीघर. वेळ: शुक्रवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटं.”

कोशकाराने बायकोकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, “तुम्हीच शिकवलंत ना, माणूस बघायचा नाही, शब्द बघायचा?”

संपादकांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. “सात दहा? सव्वासात नव्हे?”

“सात दहाच. दूध तापत ठेवलं होतं, घड्याळ समोरच होतं.”

“हे बारा वर्षं मला ‘सकाळच्या सुमारास’ लिहून देताहेत,” संपादक म्हणाले. “वहिनी, ‘छ’ तुम्ही घ्याल?”

वहिनींनी घेतलं. मदतनीस म्हणून यजमानांनाच ठेवलं. काम झकास चाललंय, घर खूश आहे, आणि खरं सांगायचं तर कोशकारही खूश आहे. फक्त हल्ली तो न्हाणीघरात नुसता गुणगुणतो, तेही शब्द गाळून.