गेनभाऊंचं पार्टिंग टूल

गेनभाऊंच्या सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी व्हर्नियर असतो. व्हर्नियर म्हणजे लोखंडी जबड्याची मोजपट्टी, कारखान्यात पार्टची जाडी मोजायला वापरतात ती. गेनभाऊ ती कशालाही लावतात. कळंबला हायवेलगत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी माझ्या काउंटरची काच मोजली, "ह्या कोपऱ्यात जरा बारीक हाय" एवढं सांगितलं आणि निघून गेले. तेव्हापासून त्या कोपऱ्यावर कुणी कोपर टेकलं की माझा जीव खालीवर होतो. वहिनींच्या भाकरीची कडही त्यांनी एकदा मोजली होती म्हणे. ती हिंमत पुन्हा केली नाही.

त्यांची सगळी नोकरी भोसरीच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला गेली. टर्नरने लेथवर, म्हणजे कातकामाच्या यंत्रावर, केलेला पार्ट ह्यांच्या टेबलावर यायचा. पास झाला तर 'गो', नाही झाला तर 'नो-गो'. दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवायचा पगार मिळणारा इतका भाग्यवान माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. रिटायर होऊन गावी आले तरी टेबल सुटलं नाही. दुकानात मागवलेला चहा नो-गो, रस्त्यावरचा गतिरोधक नो-गो, टीव्हीवरचा हवामानवाला तर कायमचा नो-गो.

आणि सुजाताने पसंत केलेला मुलगाही नो-गो. सुजाता ही त्यांची एकुलती एक लेक. मुलगा मंचरचा, मिलिंद नावाचा. स्वतःचं छोटं लेथचं वर्कशॉप, सुपारीचंही व्यसन नाही. पण 'आपल्यातला नाही'. आमच्या आळीत जातीचं नाव मोठ्याने घेत नाहीत, एवढंच म्हणतात आणि दुसरीकडे बघतात. लग्न रजिस्टर झालं. त्या दिवशी गेनभाऊ लोणीला कुणाचा तरी कांदा बघायला गेले होते. स्वतःच्या शेतात कांदा असताना.

पुढे नात झाली, ओवी. नातीपुढे कुणाचं काय चालणार? सुजाता तिला घेऊन यायला लागली. मिलिंद दोघींना मोटारसायकलवरून फाट्यापर्यंत आणायचा आणि तिथूनच मागे फिरायचा. लग्नाला एवढे दिवस झाले, पण जावयाने सासऱ्याच्या घरचं पाणी प्यायलेलं नव्हतं.

ओवी पलंगाला धरून उभी राहायला लागली आणि गेनभाऊंनी जाहीर केलं की पांगुळगाडा मी स्वतः करणार. लाकूडकाम सुताराने करून दिलं. पण चाकं डगडगायला नकोत, म्हणून त्यांच्या भोकात पितळी बुश बसवायचे, म्हणजे लहानशा नळ्या. त्यासाठी गेनभाऊंनी एक छोटा लेथ घेतला आणि पडवीत मांडला. वहिनींचं म्हणणं, बाजारात आयता गाडा मिळतो. गेनभाऊंचं म्हणणं, तो नो-गो.

बुश झाले सुरेख. फक्त ते सगळे एकाच पितळी रॉडच्या टोकाला जोडलेले होते. त्यांना कापून वेगळं करायला पार्टिंग टूल लागतं. ते एक पातळ पात्याचं हत्यार असतं, फिरत्या रॉडमध्ये सरळ घुसतं आणि तयार तुकडा खाली पाडतं. गेनभाऊंनी जन्मभर दुसऱ्यांनी पाडलेले तुकडे तपासले होते. स्वतः पाडायची वेळ पहिल्यांदाच आली आणि तिथून आमचे सगळ्यांचेच हाल सुरू झाले.

आधी भोसरीहून जाडजूड टूल आणलं, पुढचं टोक बदलता येणारं. ते रॉडला लागलं की लेथ कण्हायचा आणि बंद पडायचा. मग पातळ पात्याचं आणलं. ते अर्ध्यात अडकून तुटलं. दुसरं पातळ आणलं, तेही तुटलं. मग मोबाइलवरचे व्हिडिओ. एक हिंदी बोलणारा सांगायचा की दोस्तों, टूल उलटं करून मागून लावा. दुसरा सांगायचा की उलटं लावणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. राजुरीचे त्यांचे मेहुणे म्हणाले मशीन सावकाश चालवा, मेहुण्यांचे मित्र म्हणाले जोरात चालवा. तेल सोडा, तेल बिलकुल सोडू नका. गेनभाऊ सगळ्यांना हो म्हणायचे आणि माझ्या दुकानात येऊन बसायचे.

त्यांनी माझ्याकडून तऱ्हेतऱ्हेच्या टूलांचे फोटो छापून घेतले आणि काउंटरवर मांडले. गिऱ्हाईक आधारकार्डाची झेरॉक्स काढायला यायचं, गेनभाऊ त्याला विचारायचे, "जाड घेऊ का बारीक?" बहुतेक लोक घाबरून बारीक म्हणायचे. एका बाईंनी तर विचारलं की सातबाऱ्याला हेही जोडायचंय का. मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, पण ऐकून ऐकून मीही बँकेत पासबुक भरताना जाड की बारीक असा विचार करायला लागलो. शेवटी वैतागून म्हणालो की करवतीने कापा आणि मोकळे व्हा. गेनभाऊंनी मला असं काही न्याहाळलं की मी जन्मभराचा नो-गो झालो.

"पितळ हाय ते," ते म्हणाले, "ऊस न्हाई."

इकडे ओवी पलंग सोडून भिंतीला धरायला लागली होती. गाडा व्हईपतोर पोरगी शाळंत जाईल, असं वहिनी येता-जाता ऐकवायच्या. गेनभाऊ आणखी गोंधळायचे.

खरी गंमत अशी की दिवसभर पार्टिंग करणारा माणूस मंचरला बसला होता आणि हे सगळ्या आळीला माहीत होतं. त्याला सोडून गेनभाऊंनी सगळ्या तालुक्याला विचारलं. एक दिवस माझा संयम संपला. काउंटरवरचे फोटो बाजूला सारून मी म्हणालो, "गेनभाऊ, मिलिंदला विचारा."

मी भांडणाच्या तयारीत होतो. गेनभाऊंनी सगळे फोटो गोळा केले, त्यांच्या कडा नीट जुळवल्या आणि विचारलं, "त्यो सांगंल का?"

 हा माणूस इतके दिवस तोऱ्यात आहे असं मी समजत होतो. तो नुसता घाबरलेला होता. मला त्यांची फार दया आली.

दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरवर आम्ही मंचरला गेलो. रॉड टॉवेलात गुंडाळून त्यांनी मांडीवर धरला होता. सासऱ्यांना दारात बघून मिलिंदने चालतं मशीन बंद केलं. मीच ट्रॅफिकबद्दल काहीतरी बडबडलो. मग गेनभाऊंनी टॉवेल सोडला.

"पार्टिंग टूल कंचं घेऊ, समजंना झालंय," ते म्हणाले.

मिलिंदने हात पुसले, रॉड घेतला, उजेडात फिरवून पाहिला. "फिनिश लई भारी आलंय, मामा." एवढं बोलून तो रॉड आपल्या मशीनवर बांधायला निघाला. मिनिटाचं काम होतं. गेनभाऊंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"हितं नको. मशीन घरी हाय. घरी चला, पावणं."

आमच्याकडे जावयाला असंच म्हणतात. मिलिंदने रॉड परत टॉवेलात गुंडाळला. मग त्याने खिळ्यावरचा धुतलेला शर्ट काढून घातला. गुंड्या चुकीच्या लागल्या, परत सोडून लावल्या आणि शटर ओढलं.

घरी वहिनींनी तांब्याभांडं पुढे केलं. त्याने भांडंभर पाणी उभ्या उभ्या पिऊन टाकलं. वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मिलिंद म्हणाला, आधी तुम्ही करून दाखवा. गेनभाऊंनी मिलिंदने बरोबर आणलेलं तसलंच पातळ टूल लावलं, थोडंसं कापलं, मशीन थांबवलं, टूल सोडवून बाहेर काढलं, खाच मोजली, टूल पुन्हा लावलं. मिलिंदने हसू दाबलेलं मी पाहिलं.

"मामा, मधीच काढून मोजू नका. परत लावताना कणभर वाकडं बसतं, मग अडकून तुटतं. टूल हेच बरोबर हाय. एकदा लावलं की शेवटपतोर जाऊ द्यायचं."

त्याने तसं जाऊ दिलं. बुश एकामागून एक टपटप ट्रेमध्ये पडले. गेनभाऊ बुशांकडे बघतच नव्हते, जावयाच्या हातांकडे बघत होते.

संध्याकाळी चहा झाला. मोटारसायकलवर बसताना मिलिंदने पुन्हा सगळं समजावलं. बारीकच घ्या, हेच, दुसरं काही बघू नका. लहान पोराला कळेल इतकं सोपं सांगितलं. गेनभाऊंनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि मोटारसायकलचं हँडल धरून ठेवलं.

"माझं अजून ठरंना, जाड का बारीक," ते म्हणाले. "येत्या रविवारी तिघंबी या. मंग बगू."

मिलिंदने सासऱ्यांकडे पाहिलं. "खरंय मामा," तो म्हणाला. "असं एकदम नाय ठरायचं. रविवारी येऊन परत बगावं लागंल."

अहो, आत्ताच तर ठरलं, असं मी म्हणणार होतो. तेवढ्यात वहिनींनी माझ्या हातात चहाचा दुसरा कप दिला आणि मी तो निमूटपणे पिऊन टाकला.