माझी मान आणि सुमित्राकाकूंच्या कुरड्या

हिंगणघाटात माझ्याइतकी शास्त्रशुद्ध कॉम्प्युटरची बैठक दुसऱ्या कोणाकडे नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो! गोष्ट दोन हजार चारच्या उन्हाळ्यातली. मी एम.फिल.ला होतो. प्रबंध मेअखेर विद्यापीठात पोचवायचा होता, नाहीतर नोंदणी रद्द. दोन प्रकरणं बाकी होती आणि पलंगावर मांडी घालून टाईप करता करता माझी मान अशी धरली होती, की कोणी डावीकडून हाक मारली तर मला अख्खंच वळावं लागे.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी औषध दिलंच नाही. म्हणाले, बसायची जागा सुधारा. स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत, कोपर काटकोनात, पाय टेकलेले, पाठीला आधार, उजेड बाजूनं. शिवाय दर वीस मिनिटांनी उठून लांबचं काहीतरी पाहायचं, डोळ्यांची उघडझाप करायची, मान हलवायची आणि मनगटं झटकायची.

आता, मी कोणतंच काम अर्धवट करत नाही. माडीवरच्या खोलीत खिडकीला लागून टेबल मांडलं. मॉनिटरखाली दोन पाट, पायाखाली एक पाट. घरातले पाट तिथंच संपले.

"पाहुणे आले तं जेवाले काय तुह्या कॉम्प्युटरवर बसवू?" आई म्हणाली.

संध्याकाळी बाबा किराणा दुकानातून तावातावानं वर आले. "माह्या गादीवरचा लोड कुठी गेला?"

"पाठीला आहे, बाबा."

"कोनाच्या?"

"माह्या."

"अन् माह्या पाठीले काय लावू? गुळाची ढेप?"

मी लोड आणखी घट्ट पाठीशी सरकवला. विज्ञानाच्या वाटेत घरचेच लोक आडवे येतात.

पहिले दोन दिवस काम झकास झालं. गजर वाजला की मी खिडकीत उभा राहायचो आणि गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीवर नजर लावायचो. डोळे मिचकाव, मान डोलव, हात झटक, की पुन्हा टाईप! आता या टाकीच्या आणि माझ्या मध्ये शेजारच्या बंडूजींची गच्ची होती. तिथं त्यांच्या बायको, सुमित्राकाकू, रीताच्या लग्नाच्या कुरड्या घालत होत्या. रीता त्यांची एकुलती एक. रुखवतात एक जरी कुरडी मोडकी दिसली तरी मुलाकडचे जन्मभर बोलून दाखवतील, या धास्तीनं काकूंची झोप उडाली होती. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला फक्त टाकी दिसत होती.

तिसऱ्या दिवशी गजर वाजला, मी उठलो, तर खिडकीबाहेर गच्चीवर रीता वाटी उंच धरून उभी!

"घे. गव्हाचा चीक आहे."

"काऊन?"

"आईनं देल्ला. पुरा खाजो म्हने, टाकजो नको."

गरम चीक, वर कच्चं तेल. मी चाटूनपुसून खाल्ला. पुढच्या गजराला पुन्हा वाटी. त्याच्या पुढच्या गजराला उडदाच्या पापडाच्या लाट्या. मग पुन्हा चीक. शिकणाऱ्या मुलाची शेजाऱ्यांना किती कदर असते, असं मी आईला अभिमानानं सांगितलं. दुसऱ्या दिवशीही हाच क्रम चालला, आणि त्याच्या पुढच्या दिवशी माझं पोट बिघडलं. मान, पाठ, कोपर, सगळं शास्त्राप्रमाणे होतं, पण मी खुर्चीत बसतच नव्हतो! मी परसात होतो. प्रबंध होता तिथंच थांबला.

आई जाब विचारायला शेजारी गेली आणि डोक्याला हात लावून परत आली.

"अरे, तू त्यायच्या कुरड्यांले नजर लावून राह्यला म्हंते!"

"मी?"

"हाव! घडीघडी खिडकीत येते, टक लावून पाह्यते, डोळे मिचकावते, मुंडी हालवते, अन् वरतून हात झटकते, मंतर टाकल्यावानी! पह्यल्याच दिवशी तिच्या कुरड्या मोडल्या. ज्याची वासना अडकली त्याच्या पोटात गेलं का नजर उतरते, म्हनून खाऊ घालून राह्यली ते तुले."

मला भयंकर राग आला. एम.फिल.चा विद्यार्थी आणि चिकावर नजर! त्याच दुपारी मी टेबल उचलून समोरच्या भिंतीला लावलं आणि खिडकी बंद केली. लांबचं पाहायला आता समोर फक्त भिंत होती. वीस मिनिटांनी उठून मी भिंत पाहत असे. मान पुन्हा धरू लागली, पण स्वाभिमान ताठ होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवरून एकच ओरडा झाला. खिडकी उघडतो तर काळ्या तोंडाच्या वानरांची टोळी उतरलेली! एक धटिंगण वाळवणाच्या बाजेवर बसून दोन्ही हातांनी कुरड्या खात होता. बंडूजी काठी घेऊन पोचेपर्यंत अख्खी बाज साफ झाली. रीता रडत होती. काकू कपाळाला हात लावून बसल्या होत्या. माझा राग तिथल्या तिथे विरघळला. खरंच वाईट वाटलं मला.

संध्याकाळी काकू आणि बंडूजी थेट माझ्या खोलीत आले. काकूंनी येताच टेबलाला हात घातला.

"उचला हो, टेबल उचला! खिडकीपाशी घ्या!"

"काकू, काय झालं?"

"तू पाहून राह्यला होता तवा एक तरी वांदर आलं काय? नाई! तू पाठ फिरवली अन् सारे आले! तुही नजर लई चांगली आहे रे बाबू, माह्यीच मती मारली गेलती!"

आता खरं सांगणं भाग होतं. मी डॉक्टर, मान, वीस मिनिटं आणि टाकी, सगळं समजावून सांगितलं. वानरं नजरेला नाही, हात झटकण्याला भीत असतील, हेही सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजे माह्या कुरड्यांकडे तू पाह्यलंच नाई?"

"नाई."

"एवढा चीक खाल्ला अन् पाह्यलं बी नाई?"

त्यांचा चेहरा पार उतरला. बंडूजींनी मला कोपर मारलं आणि हळूच म्हणाले, "पाह्यलं म्हन ना, बाप्पा!"

"पाह्यलं, काकू."

"मंग? कशा होत्या?"

"एकदम पांढऱ्याफेक!"

टेबल खिडकीशी परत आलं आणि काकूंनी नव्यानं कुरड्या घातल्या. आता गजराची गरजच उरली नाही. "प्रफुल! टाईम झाला! ऊठ!" अशी गच्चीवरून हाक यायची.

"एक वाक्य राहिलं, काकू!"

"वाक्य काय पळून जाते? वांदरं आले तं तू करून देशीन काय कुरड्या? जोरानं झटक हात!"

डोळ्यांची उघडझाप त्यांनी बिनकामाची ठरवून बंद केली. त्याऐवजी 'हुर्रर्र' असं ओरडणं सुरू केलं. डॉक्टरांच्या सल्ल्यात ते नव्हतं, पण मान मोकळी झाली एवढं खरं. शेवटच्या दिवशी का होईना, प्रबंध विद्यापीठात पोचला. आणि रीताचं रुखवत अखंड मांडलं गेलं.

लग्नात नवऱ्या मुलाच्या आईनं एक कुरडी उचलून उजेडात धरली, उलटीसुलटी पाहिली. खोट सापडली नाही.

"वांदरं नाई काय तुमच्याकडे? आमच्याकडे तं काही राहू देत नाई."

सुमित्राकाकूंनी मला गर्दीतून पुढे ओढलं. "याले ठेवला होता ना खिडकीत! उन्हाळाभर हालला नाई पोरगा."

मी शर्टाची कॉलर नीट केली. माझी ओळख करून देण्याची हीच वेळ होती. विहीणबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि काकूंना विचारलं, "दुसरं काई करते का हा?"

"करते ना!" काकू कौतुकानं म्हणाल्या. "मधामधात बसून लिहिते बी!"